पाकीट वाचणाऱ्याची मुखत्यारी

नंदगडच्या आसपास मुखत्यारपत्र म्हणजे काय, हे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. एक भाऊ गोव्यात, दुसरा पुण्यात किंवा मुंबईत आणि शेत मात्र खानापूर तालुक्यात, ही आपल्याकडील अनेक घरांची स्थिती. मग इथल्या कामासाठी कोणीतरी मुखत्यार नेमला जातो. कागद करताना जाणता माणूस आधी विचारतो, कुल की खास? कुलमुखत्याराला शेत विकता येते, दावा लावता येतो, बँकेतील रक्कम उचलता येते. खास मुखत्यार अमुक एका जमिनीचे अमुक एक काम करून घेतो. त्यापलीकडे त्याचा हात पोचत नाही. माणूस पारखण्यात आपली चूक दोन्ही ठिकाणी होऊ शकते, पण दुसऱ्या कागदाने घर बुडत नाही.

हा भेद संगणकाच्या जगात व्यवहारात उतरायला फार वर्षे लागली. त्याचा इतिहास सांगण्यासाठी आम्ही एक लहानसे साधन निवडले आहे. त्याचे नाव टीसीपीडंप. जाळ्यावरून जाणारा मजकूर टिपून तो वाचता येईल अशा रूपात समोर मांडणे, एवढेच त्याचे काम. साहित्यविषयक पत्रिकेत हा विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. दुसऱ्याची पत्रे वाचणाऱ्याच्या हाती किती सत्ता असावी, हा प्रश्न मात्र आपल्याला खचितच परका नाही.

संगणकांच्या जाळ्यावरून मजकूर सलग वाहत नाही. त्याचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता चढतो, आणि मग तो मार्गस्थ होतो. या तुकड्याला इंग्रजीत पॅकेट म्हणतात. आम्ही येथे आपले घरगुती ‘पाकीट’च म्हणू. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांच्यामधील ही वाहतूक अशी तुंबली की सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांतील अंतर सुमारे ४०० यार्ड. कोणी चालत जाऊन चिठ्ठी दिली असती तर ती आधी पोचती! प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी या कोंडीचा छडा लावला आणि तिच्यावरील उपाययोजना १९८८ साली प्रसिद्ध केली. त्याच सुमारास त्यांनी क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकेन यांच्यासह टीसीपीडंप लिहिले. वाहतूक कोठे अडते हे कळण्यासाठी येणारी-जाणारी पाकिटे डोळ्यांनी पाहायला हवी होती. तेव्हा हे साधन हेराचे म्हणून जन्मलेले नाही. ते वैद्याचे आहे.

आता अडचण पाहा. संगणकाच्या दारावरून जाणारे प्रत्येक पाकीट पाहण्याची मुभा सर्वसामान्य वापरकर्त्याला नसते, आणि ती नसावी हेच योग्य. युनिक्स घराण्यातील यंत्रणांत ही मुभा परंपरेने ‘रूट’ची, म्हणजे सर्वाधिकाऱ्याची. म्हणून टीसीपीडंप चालवायचे ते रूट होऊन. परंतु रूटची सत्ता पाकिटे पाहण्यापुरती थोडीच असते? यंत्रातील कोणतीही फाइल वाचणे, पुसणे, बदलणे, नवे कार्यक्रम चालविणे, सारे त्यात आले. हे झाले कुलमुखत्यारपत्र. आणि ज्याला ते दिले त्याचे रोजचे काम कोणते, तर अनोळखी माणसांनी पाठविलेला मजकूर उघडून त्याचा अर्थ लावणे. जाळ्यावर शेकडो परिभाषा चालतात. प्रत्येकीसाठी टीसीपीडंपमध्ये वेगळा वाचक लिहिलेला आहे, आणि तोही सी भाषेत, जिथे मोजमापातील लहानशी चूक महागात पडते. पाकिटावर लांबी दहा लिहावी आणि आत वीस अक्षरे भरावीत. वाचकाने लांबीवर विश्वास ठेवला की तो फसला. अशा चुकीचा चतुराईने फायदा घेतला, तर वाचणारा कार्यक्रम पाठविणाऱ्याच्याच आज्ञा पाळू लागतो. ही भीती कल्पनेतील नव्हे. सप्टेंबर २०१७ मध्ये टीसीपीडंपची ४.९.२ ही आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यात नव्वदच्या आसपास सुरक्षादोष दुरुस्त केलेले होते. शत्रूची चिठ्ठी वाचायला बसलेल्या कारकुनाच्या कमरेला खजिन्याच्या किल्ल्या बांधाव्यात, तसा हा कारभार झाला.

आपल्या पूर्वजांनी तो केला नसता. शिवकालातील गडांची व्यवस्था सभासदाने आपल्या बखरीत नोंदविली आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे, दर्जाने सारखे, आणि कारभार त्यांनी एकत्र करायचा. एकट्याच्या मनात आले म्हणून गड शत्रूच्या हवाली होता कामा नये. यामागे माणसांविषयी तुच्छता नव्हती. फितुरी कोणाकडून होईल हे आधी सांगता येत नाही, एवढे ज्ञान होते. २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडला ज्यांना फाशी दिली गेली, ते संगोळी रायण्णाही फितुरीनेच पकडले गेले होते. कार्यक्रमाच्या बाबतीत तर फितुरीला दुष्ट बुद्धीचीही गरज नसते. लिहिणाऱ्याची एक नजरचूक पुरते.

संगणकशास्त्रात हे ज्ञान नव्हते असे मात्र नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी १९६६ साली एका निबंधात ‘केपेबिलिटी’ ही कल्पना मांडली. कार्यक्रम कोणाच्या नावाने चालतो आहे हे विचारण्याऐवजी त्याच्या हाती कोणत्या वस्तूची किल्ली आहे आणि ती किल्ली काय काय करू देते, एवढेच पाहावे, असा तिचा आशय. वाचण्याची किल्ली असेल तर लिहिता येणार नाही. किल्लीच नसेल तर दार आहे हेही कळणार नाही. आम्ही तिला ‘खास मुखत्यारी’ म्हणू. १९७५ साली सॉल्टझर आणि श्रोडर यांनी किमान अधिकाराचे तत्त्व मांडले: प्रत्येक कार्यक्रमाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. केंब्रिजमध्ये विल्क्स, नीडहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात ‘कॅप’ नावाचे यंत्र या पायावर उभे करून दाखविले. पुढे जग मात्र युनिक्सच्या वाटेने गेले, आणि युनिक्सला नावाची सत्ता मानवली.

तिच्यात काय खोट होती, हे नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली, म्हणजे टीसीपीडंपच्याच जन्मवर्षी, एका छोट्या लेखात दाखविले. टिमशेअर या कंपनीच्या यंत्रावर कार्यक्रमांचे भाषांतर करणारा एक कंपायलर होता. आपल्या वापराची आकडेवारी लिहिण्यासाठी त्याला एका सरकारी खान्यात लिहिण्याचा अधिकार दिला होता, आणि ग्राहकांच्या बिलांची फाइलही त्याच खान्यात होती. एका वापरकर्त्याने आपली फुटकळ माहिती लिहिण्याची जागा म्हणून तिचेच नाव सांगितले. कंपायलरने ती निमूटपणे पुसून वर लिहिले. वापरकर्त्याला तो अधिकार नव्हता. कंपायलरला होता, पण या कामासाठी नव्हे. हार्डी यांनी अशा मुखत्याराला ‘गोंधळलेला’ म्हटले आहे, आणि आम्हांला हे विशेषण फार नेमके वाटते.

टीसीपीडंपच्या वाट्याला आधी अर्धेमुर्धे उपाय आले. पाकिटे टिपण्याचे दार रूट म्हणून उघडायचे आणि मग रूटपण टाकून साध्या वापरकर्त्याच्या नावाने वाचायला बसायचे, ही एक रीत. चांगली; पण साधा वापरकर्ताही घरभर हिंडतोच. २००४ साली ओपनबीएसडी या यंत्रणेत त्याचे दोन भाग केले गेले: एक अधिकार बाळगणारा परंतु मजकूर न वाचणारा, दुसरा मजकूर वाचणारा परंतु अधिकारहीन. येथे सभासदाच्या गडाची आठवण होते. लिनक्समध्ये तर ‘केपेबिलिटी’ हाच शब्द आला, पण वेगळ्याच अर्थाने. तेथे रूटच्या सत्तेचे तुकडे पाडले जातात आणि पाकिटे टिपण्यापुरता एक तुकडा कार्यक्रमाला देता येतो. याने ओझे हलके होते हे खरे. तरीही तो पदाचाच तुकडा, वस्तूची किल्ली नव्हे. एकच शब्द दोन अर्थांनी चालल्यामुळे या क्षेत्रात जो घोळ झाला आहे, तो पाहिला की परिभाषेविषयीचा आपला जुना हट्ट अगदीच वाया गेलेला नाही असे वाटते.

१९६६ ची कल्पना टीसीपीडंपपर्यंत पोचली ती २०१० साली, आणि पुन्हा केंब्रिजमधूनच. रॉबर्ट वॉटसन, जोनाथन अँडरसन, बेन लॉरी आणि क्रिस केनवे यांनी त्या वर्षी ‘कॅप्सिकम’ नावाची योजना मांडली. केपेबिलिटीवर केलेली ही कोटी. कॅप्सिकम म्हणजे आपली ढबू मिरची. शेजारी संकेश्वर असताना आम्हांला याहून तिखट नाव सुचले असते, ते असो. या योजनेत कार्यक्रम स्वतःच एका क्षणी कर्नलला सांगतो, ‘आता मला आत कोंडा.’ तेथून पुढे त्याला नावाने काहीही मागता येत नाही: अमुक फाइल उघड, अमुक पत्त्याशी संधान बांध, असे म्हणण्याची सोयच उरत नाही. जे आधीच हाती आहे, तेवढेच त्याचे जग. आणि हा हुकूम मागे घेता येत नाही. याला इंग्रजीत सँडबॉक्स, म्हणजे मुलांच्या खेळण्याचा वाळूचा हौद म्हणतात. आम्हांला कोठडी हा शब्द अधिक खरा वाटतो, जरी येथे कैदी आपल्या पायांनी आत जातो.

आपल्या निबंधात त्यांनी उदाहरणासाठी टीसीपीडंपच घेतले. त्याची रचना या कामाला सोयीची आहे. आधी चाळणी ठरवायची, मग पाकिटांचे दार उघडायचे, आणि त्यानंतर शेवटपर्यंत वाचत बसायचे. दार उघडणे आणि वाचणे यांच्यामध्ये कोंडून घेण्याची आज्ञा घातली. बदल दोन ओळींचा. इतक्या वर्षांचा धोका दोन ओळींत आवरला, असे म्हणून कोणीही उठला असता. त्यांनी आत शिरलेल्याच्या खिशात काय काय उरले आहे हे तपासले, आणि तेथे वापरकर्त्याच्या टर्मिनलची किल्ली सापडली: पाकिटांत फसलेला वाचक टंकफलकावर टाइप होणारे वाचू शकला असता. मग आणखी काही ओळींनी ते अधिकारही छाटले.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. पाकिटावर पत्ता आकड्यांत असतो. टीसीपीडंप त्याचे नाव शोधून दाखवितो. नाव शोधायचे म्हणजे यंत्रातील फायली उघडायच्या आणि बाहेरच्या नामसेवकाला विचारायचे, आणि हे दोन्ही कोठडीत वर्ज्य. म्हणून हे काम बाहेर बसलेल्या दुसऱ्या कार्यक्रमाकडे सोपवावे लागले. फ्रीबीएसडी या यंत्रणेत पुढे ‘कॅस्पर’ नावाचे मदतनीस याच हेतूने आले: कोठडीतून ‘या आकड्याचे नाव काय?’ एवढेच विचारता येते आणि उत्तर तेवढेच मिळते. २०१२ सालच्या फ्रीबीएसडी ९ मध्ये कॅप्सिकम प्रायोगिक होते. २०१४ च्या दहाव्या आवृत्तीपासून ते मुळातच अंतर्भूत आहे.

एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. नको असलेली पाकिटे आधीच गाळण्यासाठी मॅकेन आणि जेकबसन यांनी कर्नलमध्ये बसणारी एक चाळणी तयार केली आणि तिच्यावरील निबंध १९९३ च्या प्रारंभी परिषदेत वाचला. तिला बीपीएफ म्हणतात. २०१२ साली लिनक्समध्ये कार्यक्रमांना आवर घालण्यासाठी, म्हणजे कर्नलकडे ते कोणत्या मागण्या करू शकतात हे ठरविण्यासाठी, हीच चाळणी वापरात आली. पत्रे वाचणाऱ्यासाठी घडविलेले हत्यार त्याच्यासारख्यांच्याच बंदोबस्ताला लावले गेले.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. ही सारी खबरदारी यंत्राच्या रक्षणाची आहे. ज्यांची पाकिटे वाचली जातात त्यांचे रक्षण तिने होत नाही. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने सरकारला निरोप अडविण्याचा अधिकार दिला आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही तो कायम राहिला. त्या अधिकाराला मर्यादा घालायची ती कायद्याने आणि न्यायालयाने, कॅप्सिकमने नव्हे. कोठडी वाचणाऱ्याला आवरते, वाचण्याचा हुकूम देणाऱ्याला नाही. इतकेच नव्हे, तर कोठडी लागू व्हावी की नाही हेही काही अंशी त्या हुकूम देणाऱ्यावरच अवलंबून असते. टिपलेल्या पाकिटांची फाइल ठरावीक आकाराची झाली की नवी उघडायची असेल, तर टीसीपीडंप एका खान्याची किल्ली आधीच घेऊन आत जातो आणि नव्या फायली त्याच खान्यात ठेवतो, हे जमते. पण वापरकर्त्याने सांगितले की प्रत्येक फाइल पूर्ण होताच तिच्यावर अमुक दुसरा कार्यक्रम चालव, तर हे काम कोठडीतून होण्यासारखे नाही. तेव्हा त्याला पुन्हा कुलमुखत्यारी लागते, आणि फ्रीबीएसडीवरील टीसीपीडंप त्या वेळी कोठडीत शिरतच नाही.