न झालेल्या सामन्यांचे निकाल



या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलतात. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता. इतिहास शिकलो तो युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि रद्दीच्या दुकानांतून. तेव्हा विषयही आपल्या ऐपतीचा निवडला आहे: इंग्लंडातला फुटबॉल आणि त्यावर लागणारी पैज. कामगाराच्या शनिवारचा तो इतिहास आहे, आणि कामगाराने रविवारी काय करावे हे सांगणारे फार असले, तरी तो शनिवारी काय करीत होता हे लिहून ठेवणारे थोडे.

तारीख २६ जानेवारी १९६३. त्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये अशी थंडी पडली की मैदाने फरशीसारखी टणक झाली आणि आठवड्यामागून आठवडे सामने रद्द होऊ लागले. त्या दिवशी लंडनच्या कॉनॉट रूम्समध्ये काही मंडळी दार लावून बसली. टॉम फिनी, टॉमी लॉटन, टेड ड्रेक आणि जॉर्ज यंग हे नामांकित माजी खेळाडू, आर्थर एलिस हे पंच, आणि अध्यक्षस्थानी लॉर्ड ब्रॅबझन, ज्यांची ख्याती विमानविद्येतली. यांचे काम काय? जे सामने झालेच नव्हते, त्यांचे निकाल ठरवणे! अमुक संघ घरच्या मैदानावर जिंकला असता, तमुक बरोबरीत सुटला असता, असे त्यांनी ठरवले, ते जाहीर झाले, आणि त्या निकालांवर पैशांचे वाटप झाले. चेंडूला कोणाचा पाय लागला नव्हता.

आपण हसलात. परंतु आपल्या गिरणगावातील वडीलधाऱ्या माणसांना याचे नवल वाटणार नाही. न्यूयॉर्कच्या कापसाचे भाव तारेने मुंबईस येत आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ मध्ये ते भाव येणे बंद झाले. म्हणून आकडा बंद पडला काय? मुळीच नाही. मडक्यातून चिठ्ठ्या काढून लोकांनी आकडा चालू ठेवला. मटका हे नाव त्यातूनच आले. कापूस गेला, आकडा राहिला. इंग्लंडात त्या शनिवारी फुटबॉल नव्हता, पण निकाल होते. माझे वडील साच्यावर उभे राहत. दोन्ही गोष्टींमागचा माणूस मला ओळखीचा वाटतो.

आता हा ‘फुटबॉल पूल’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. सर्वांचे पैसे एका राशीत जमा व्हावयाचे. त्यातून कंपनीने आपला खर्च व दलाली कापून घ्यावयाची, पुढे सरकारने कर घ्यावयाचा, आणि उरलेली रक्कम अचूक भाकीत करणाऱ्यांत वाटून द्यावयाची. बुकी एखादे वेळी बुडतो. पूलवाला बुडत नाही.

हा धंदा मोठा केला तो लिव्हरपूलच्या जॉन मूर्स यांनी. १९२३ साली ते आणि त्यांचे दोन सोबती तार कंपनीत नोकरीस होते. मालकाला सुगावा लागू नये म्हणून तिघांपैकी एकाचे जे मूळ आडनाव होते, त्यावरून धंद्याला ‘लिटलवुड्स’ असे नाव दिले. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर ४,००० कूपने वाटली. भरून परत आली ३५, आणि जमा झाले एकूण ४ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स. पुढे हल गावी १०,००० वाटली. परत आले एक. सोबती वैतागून बाजूला झाले. मूर्स चिकटून राहिले, आणि दहा वर्षांच्या आत ते लक्षाधीश झाले.

कायद्याची गंमत पाहा. १९०६ च्या कायद्याने रस्त्यावर रोख पैज घेणे गुन्हा ठरवले होते. घरी टेलिफोन असलेला सभ्य गृहस्थ बुकीकडे उधारीवर पैज लावू शके, त्याला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. गल्लीच्या तोंडाशी शिलिंग देणारा मजूर मात्र पकडला जाई. १९२० मध्ये फुटबॉलवरील रोख पैजेसाठी वेगळा कायदा झाला. मूर्स यांनी यातून वाट काढली ती श्रीमंतांचीच: कूपन आज पाठवा, पैसे पुढच्या आठवड्यात पोस्टल ऑर्डरने पाठवा. म्हणजे व्यवहार उधारीचा झाला. १९२४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, शिक्षाही झाली. अपिलात ते सुटले. श्रीमंताची उधारी गरिबाच्या दारात पोस्टमनने आणून दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

थोड्याच वर्षांत अशी स्थिती झाली की मैदानावर जाणाऱ्यांच्या कितीतरी पट माणसे घरी बसून कूपन भरू लागली. लिव्हरपुलात हजारो मुली कूपने तपासण्याच्या कामावर लागल्या. फुटबॉलच्या चालकांना हे रुचेना. १९३६ च्या फेब्रुवारीअखेर फुटबॉल लीगने युक्ती केली: सामन्यांचे ठरलेले वेळापत्रक रद्द, कोणाची गाठ कोणाशी हे अगदी दोन दिवस आधी सांगावयाचे, म्हणजे कूपन छापताच येणार नाही! २९ फेब्रुवारी आणि ७ मार्च असे दोन शनिवार हा प्रयोग चालला. झाले काय, तर प्रेक्षकांनाच आपला संघ कोणाशी खेळणार ते कळेना; गर्दी घटली, क्लब ओरडू लागले, आणि लीगने माघार घेतली. त्याच ७ मार्चला हिटलरची फौज ऱ्हाइनलंडात शिरली. लेखक जॉर्ज ऑर्वेल त्या दिवसांत यॉर्कशायरच्या कामगार वस्तीत हिंडत होते. त्यांनी नोंदवून ठेवले आहे की हिटलरच्या बातमीने तेथे फारशी खळबळ झाली नाही, वेळापत्रक लपवल्याने मात्र लोक संतापले. पुष्कळ जण हे कामगाराच्या अज्ञानाचे उदाहरण म्हणून सांगतात. मला तसे वाटत नाही. खाणी बंद, हाताला काम नाही, अशा घरात आठवडाभर पुरणारी आशा काही पेन्सना मिळत होती. ती हिरावणारा माणूस हिटलरपेक्षा जवळ होता, एवढेच. त्या वसंतात पूल बंद करण्याचे विधेयक पार्लमेंटात आले, तेही प्रचंड बहुमताने फेटाळले गेले.

मग या कूपनाने खेळाच्या आनंदाचे काय केले? १९४६ पासून ‘ट्रेबल चान्स’ नावाचा प्रकार आला. लांबलचक यादीतून आठ सामने निवडावयाचे, आणि सर्वांत जास्त गुण बरोबरीत सुटणाऱ्या सामन्यांना. श्रोतेहो, सामना बरोबरीत सुटावा म्हणून कोणी मैदानावर जातो काय? कूपनवाला मात्र आठवडाभर बरोबरीची वाट पाहत असे. शनिवारी संध्याकाळी रेडिओवर निकाल वाचले जात. बाप पेन्सिल घेऊन बसलेला, पोरांना खोकण्याचीही बंदी. १९७४ पासून जेम्स अलेक्झांडर गॉर्डन नावाचे निवेदक निकाल वाचीत. दुसऱ्या संघाचे नाव उच्चारताना त्यांचा आवाज असा चढे वा उतरे की आकडा येण्यापूर्वीच जिंकले, हरले की बरोबरी, हे ऐकणाऱ्याला उमगे. उन्हाळ्यात इंग्लंडात सामने नसत. तेव्हा कूपनावर ऑस्ट्रेलियातले क्लब येत. ज्या गावांचा रस्ता ठाऊक नाही, ज्या संघाचा एक खेळाडू ओळखीचा नाही, त्यांची नावे यॉर्कशायरच्या खाणकामगाराला पाठ! हे फुटबॉलचे प्रेम नव्हे, पण याने फुटबॉलचा घात झाला असेही मला म्हणवत नाही. सकाळी कूपन विसरून दुपारी आपल्या गावच्या संघासाठी घसा कोरडा करणारे तेच लोक होते. आठ निकाल जुळण्याची शक्यता इतकी दूरची, की समोरच्या सामन्यावर तिची सावली पडत नसे.

सावली पडते ती समोरच्याच सामन्यावर पैसे लावले म्हणजे. हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९० च्या सुमारास आम्ही पाच-सहा जण कामावरून सुटून मुंबईच्या कूपरेज मैदानावर जात असू. एकदा सामना बरोबरीत सुटेल अशी मी पन्नास रुपयांची पैज मारली. पन्नास रुपये त्या वेळी मला जड होते. शेवटच्या पाच मिनिटांत एका पोरसवदा खेळाडूने उजव्या अंगाने तीन जणांना चकवून असा गोल मारला की सारे मैदान उभे राहिले. मी बसून होतो. माझा कोणताही संघ हरला नव्हता. मी त्या पोराला मनातल्या मनात शिव्या देत होतो. पैसे गेले त्याचे काही नाही, ते मी महिनाभरात विसरलो. पण तो गोल मी पाहिला असे मला म्हणता येत नाही, आणि तसा गोल मला पुन्हा दिसला नाही.

प्रेक्षकाचे हे, तर खेळाडूचे काय होत असेल? २ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे. मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला २-० ने हरवले. युनायटेडने पेनल्टी वाया घालवली, उत्तरार्धात दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलीत राहिले. पुढे कळले की नेमक्या २-० या निकालावर एकास सात या भावाने पैसे लागले होते. चौकशीअंती दोन्ही संघांचे सात खेळाडू तहहयात बाद झाले. महायुद्धामुळे लीग बंद पडणार, पगार थांबणार, हे त्यांना दिसत होते. यापैकी सँडी टर्नबुल १९१७ मध्ये युद्धात मारला गेला. एनॉक वेस्ट अखेरपर्यंत आपण निर्दोष असल्याचे सांगत राहिला. त्याची बंदी उठली १९४५ मध्ये, तेव्हा त्याचे खेळण्याचे वय कधीच सरले होते.

येथे मी युनियनचा माणूस म्हणून बोलणार. १९०१ मध्ये खेळाडूच्या पगाराला आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा घातली गेली. ती वाढत वाढत २० पौंडांवर आली आणि १९६१ च्या जानेवारीत, जिमी हिल यांच्या पुढारीपणाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची नोटीस उगारली, तेव्हा कोठे रद्द झाली. त्याआधी १९५९ मध्ये न्यायालयाने वेळापत्रकावर लीगची मालकी मान्य केली आणि पूल कंपन्या वर्षाला किमान २,४५,००० पौंड लीगला देऊ लागल्या. ज्या पैजेला लीग पाप म्हणत होती, तिचा हिस्सा घेताना तिचा हात थरथरला नाही. खेळाडूला मात्र नीतीचे पाठ.

असे असता पुढची गोष्ट गरिबीच्या माथी मारून मोकळे व्हावे, असा मोह मला होतो. पण ते खरे होणार नाही. १ डिसेंबर १९६२ रोजी शेफील्ड वेन्सडेचा संघ इप्सविच येथे २-० ने हरला. पीटर स्वॉन, टोनी के आणि डेव्हिड लेन या तिघांनी आपल्याच संघाच्या पराभवावर प्रत्येकी ५० पौंड लावले होते. जिमी गॉल्ड हा जुना खेळाडू हे जाळे चालवीत असे. १९६४ मध्ये ‘द पीपल’ या पत्राने प्रकरण उघडकीस आणले आणि जानेवारी १९६५ मध्ये गॉल्डला चार वर्षांची, या तिघांना चार-चार महिन्यांची कैद झाली. जाळ्यातले बरेच जण खालच्या विभागांतले, तुटपुंज्या पगाराचे होते, हे खरे. परंतु स्वॉन आणि के इंग्लंडकडून खेळलेले होते, पगाराची मर्यादाही तेव्हा उठलेली होती. प्रत्येकाला सुटले १०० पौंड. आणि मौज अशी की त्याच ‘द पीपल’ने त्या सामन्याच्या वृत्तांतात केला सर्वोत्तम खेळाडू ठरवले होते! माणूस हरण्यासाठी पैसे लावतो आणि जीव तोडून खेळतो. त्या नव्वद मिनिटांत त्याच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

कूपनाने मोठे होणारेही निघाले. १९६१ मध्ये कॅसलफर्डच्या कीथ निकल्सन या आठवड्याला ७ पौंड मिळवणाऱ्या खाणकामगाराला १,५२,३१९ पौंड लागले. हिशोब केला तर ती चारशेहून अधिक वर्षांची मजुरी होते. १९६५ मध्ये तो मोटार अपघातात गेला; त्याची पत्नी व्हिव्ह हिच्याकडे त्यातले काही उरले नाही. वर्तमानपत्रांनी तिला उधळी म्हणून घोळून घोळून हिणवले. मूर्स यांच्या मिळकतीला उधळपट्टी कोणी म्हटले नाही. असो.

नोव्हेंबर १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरी आली आणि पूलचा धंदा बघता बघता ओसरला. आठ बरोबऱ्या शोधणाऱ्यांपैकी बहुतेकांना फुटबॉल नसला तरी चालत होते, हे तेव्हा कळले. फुटबॉलची पैज मात्र गेली नाही. ती खिशातल्या फोनमध्ये आली, आणि आता सामना चालू असताना पुढचा कॉर्नर कोणाला, पिवळे कार्ड कोणाला, यावरही पैसे लावता येतात. म्हणजे माझे ते पन्नास रुपये, पण दर पाच मिनिटांनी. २०२३ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२५-२६ च्या हंगामाअखेर सदऱ्याच्या छातीवरून पैजवाल्या कंपन्यांची नावे काढण्याचे ठरवले. बाहीवरची नावे काढण्याचे ठरवले नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये बीबीसीने शनिवारचे ते निकालवाचन वेळ नाही म्हणून बंद केले. कूपन भरणारे आता राहिले किती, अशी त्यांची समजूत असावी. पण तक्रारींचा पाऊस पडला. त्यात कित्येक वर्षांत कूपन हाती न धरलेली माणसे होती. बापाच्या शेजारी गप्प बसून ती नावे ऐकलेली. काही आठवड्यांत वाचन पुन्हा सुरू करावे लागले.