प्रस्तार, संख्या आणि ओवी : छंदःशास्त्रातील मोजणीचा एक विचार

१

यवतमाळ जिल्ह्याचा मराठी साहित्यव्यवहाराशी असलेला संबंध सांगताना तीन नावे हटकून येतात. पहिले नाव लोकनायक माधव श्रीहरी तथा बापूजी अणे यांचे. वणी येथे १८८० मध्ये जन्मलेले अणे १९२८ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. टिळकचरित्रावर त्यांनी रचलेल्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या दीर्घ संस्कृत काव्याला त्यांच्या मृत्यूनंतर १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी साहित्य संमेलन यवतमाळला भरले आणि ग. दि. माडगूळकर त्याचे अध्यक्ष होते. पुढे २०१९ मध्ये संमेलन पुन्हा यवतमाळला आले, तेव्हा अध्यक्षपदी लोकसाहित्याच्या अभ्यासक अरुणा ढेरे होत्या.

या तिघांना जोडणारा धागा वाङ्मयीन भूमिकांमध्ये शोधू गेल्यास तो फारसा हाती लागणार नाही. परंतु संस्कृत श्लोक, मराठी गीत आणि जात्यावरची ओवी हे जे तीन पद्यप्रकार या नावांबरोबर डोळ्यांसमोर उभे राहतात, ते तीन वेगवेगळ्या रीतींनी मोजले जातात. हा योगायोगच म्हटला पाहिजे. पण विचाराला दिशा देणारा योगायोग आहे. ज्याला आज आपण गणितात मोजणीची मूलतत्त्वे, क्रमचय आणि समचय म्हणून शिकवतो, त्या विचाराचा भारतातील एक प्रमुख उगम पद्याच्या अभ्यासात आहे. मराठी समीक्षेने मात्र या वारशाकडे बहुधा छंदःशास्त्रातील रुक्ष पंडिती म्हणून पाहिले. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की मोजणीच्या मुळाशी एक समीक्षात्मक निर्णय असतो. कोणता भेद हा भेद मानावयाचा, हे ठरविल्यावाचून एकही संख्या लिहिता येत नाही.

२

पिंगलाच्या छंदःसूत्राचा काळ इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या शतकांत सर्वसाधारणपणे धरला जातो. त्याच्या आठव्या अध्यायात पुढील परंपरेने ‘प्रत्यय’ म्हणून ओळखलेल्या क्रिया येतात. दिलेल्या अक्षरसंख्येतील लघु-गुरूंच्या सर्व मांडण्या ठरावीक क्रमाने लिहून काढणे हा प्रस्तार. अनुक्रमांकावरून मांडणी शोधणे हे नष्ट. मांडणीवरून अनुक्रमांक शोधणे हे उद्दिष्ट. आणि सर्व मांडण्या किती हे यादी न करता सांगणे ही संख्या.

यांतील संख्येमागचे तत्त्व अगदी साधे आहे. पहिले अक्षर दोन प्रकारचे असू शकते, आणि त्या प्रत्येक प्रकाराबरोबर दुसरेही दोन प्रकारचे असू शकते. म्हणून दोन अक्षरांच्या मांडण्या चार, तिहींच्या आठ, चोहोंच्या सोळा. एका निवडीने दुसरीला अडविले नाही तर निवडींचा गुणाकार होतो. आठ गण आठच का, याचे उत्तर येथे मिळते. पिंगलाने गण ज्या क्रमाने सांगितले, तो म, य, र, स, त, ज, भ, न हा क्रम म्हणजे तीन अक्षरांचा प्रस्तारच आहे. शाळेत पाठ केलेल्या ‘यमाताराजभानसलगम्’ या सूत्रातही हीच किमया दडलेली आहे. त्यातील कोणतीही लागोपाठची तीन अक्षरे घेतली की एक गण मिळतो. अशी आठ त्रिके निघतात आणि आठही वेगळी असतात.

नष्टाची रीत तर आजच्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही परकी वाटू नये. समजा, तीन अक्षरांच्या प्रस्तारातील पाचवी मांडणी हवी आहे. पाच विषम, म्हणून गुरू लिहावा. एक मिळवून निम्मे केले की तीन. तीनही विषम, पुन्हा गुरू; एक मिळवून निम्मे केले की दोन. दोन सम, म्हणून लघू. गुरू, गुरू, लघू म्हणजे त गण. आणि वरच्या क्रमात पाचवा त गणच आहे. संपूर्ण यादी हाताशी नसताना यादीतील कोणत्याही जागेवर नेमके बोट ठेवण्याची ही युक्ती आहे.

दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलावरील टीकेत मेरुप्रस्तार स्पष्ट केला. अमुक अक्षरांत एक गुरू असलेल्या मांडण्या किती, दोन असलेल्या किती, या प्रश्नाचे उत्तर या संख्यांच्या डोंगरात मिळते. युरोपात हीच मांडणी सतराव्या शतकातील पास्कालच्या नावाने ओळखली जाते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) हा विचार छंदातून बाहेर काढून सर्वसाधारण गणिताचा केला, तरी उपयोग सांगताना छंद, शिल्प आणि वैद्यक या क्षेत्रांत छंदालाच पहिले स्थान दिले. गायत्रीच्या सहा अक्षरी चरणात गुरूंच्या संख्येनुसार १, ६, १५, २०, १५, ६, १ असे भेद होतात. त्यांची बेरीज ६४, आणि चार चरणांचे मिळून १,६७,७७,२१६. याच रीतीने सहा रसांची मिश्रणे ६३ होतात आणि आठ दारांच्या वाड्यातील उघड्या दारांचे प्रकार २५५.

या विद्येला महाराष्ट्रात संस्थात्मक आधारही मिळाला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापन झालेल्या मठाची नोंद आहे. तो स्थापणारा चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. सिंघणाच्याच आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि सात स्वरांचे प्रस्तार मांडले. येथे मोजणीचा नियम बदलतो. तानेत एक स्वर एकदा घेतला की तो पुन्हा घ्यावयाचा नाही. म्हणून पहिल्या जागी सात पर्याय, दुसऱ्या जागी सहा, असे करीत एकूण ५,०४० ताना होतात. छंदात लघू पुनःपुन्हा येऊ शकतो, कूटतानेत स्वर येऊ शकत नाही. कलेचे नियम वेगळे असले की त्यांचे गणितही वेगळे होते, हे या ठिकाणी स्पष्ट दिसते.

३

आता ही मोजणी काव्याविषयी काय सांगते ते पाहू. अकरा अक्षरांच्या चरणाचे भेद २,०४८ होतात. त्यांतील इंद्रवज्रा, उपेंद्रवज्रा, शालिनी, रथोद्धता, स्वागता अशी मोजकीच वृत्ते कवींच्या नित्य वापरात राहिली. प्रस्तार हे शक्यतेचे कोठार आहे. परंपरेने त्यातून काय उचलले आणि काय तसेच ठेवले, हा वाङ्मयाच्या इतिहासाचा प्रश्न आहे, आणि कोठाराचे माप ठाऊक नसेल तर तो नीट विचारताही येत नाही.

इंद्रवज्रा आणि उपेंद्रवज्रा यांत भेद आहे तो फक्त पहिल्या अक्षराचा. एका श्लोकात दोन्हींचे चरण मिसळण्याची मुभा दिली की चार चरणांच्या १६ मांडण्या होतात. दोन शुद्ध मांडण्या वगळल्या की १४ उरतात. उपजातीचे भेद नेमके चौदाच आहेत आणि शास्त्रकारांनी त्या प्रत्येकाला कीर्ती, वाणी, माला असे नाव दिले. एका अक्षराची मोकळीक आणि तिच्या परिणामांचे संपूर्ण नामकरण असा हा प्रकार आहे.

अनुष्टुभ् श्लोकाची गोष्ट वेगळी. पाठशाळेतील नियमानुसार पाचवे अक्षर लघू, सहावे गुरू, सातवे विषम चरणांत गुरू आणि सम चरणांत लघू असते. उरलेली पाच अक्षरे मोकळी. म्हणजे एका चरणाच्या ३२ मांडण्या, आणि श्लोकाच्या १०,४८,५७६. चरणान्त्य अक्षराची सवलत बाजूला ठेवली तर इंद्रवज्रेत ही संख्या एक आहे. संस्कृतातील दीर्घ कथनाचा भार महाकाव्यांपासून अनुष्टुभावर का पडला, याचे एक कारण या दोन संख्यांच्या अंतरात सापडते. विशेषनामे, तारखा आणि घटनाक्रम श्लोकात सामावायचे तर मोकळी अक्षरे लागतात. विसाव्या शतकातील एका राजकीय पुढाऱ्याचे चरित्र संस्कृत पद्यात आणू पाहणाऱ्या अण्यांपुढचा प्रश्न या अर्थाने मोजता येण्याजोगा होता.

४

मात्रावृत्तांत ही रीत थांबते. येथे अक्षरे ठरलेली नसतात, मात्रा ठरलेल्या असतात. गुरूच्या दोन, लघूची एक. विरहांकाने प्राकृत छंदांवरील ‘वृत्तजातिसमुच्चया’त या मोजणीचे सूत्र दिले. शेवटचे अक्षर लघू असेल तर त्याच्या मागे एक मात्रा कमी, गुरू असेल तर दोन कमी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकत नाहीत. म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज करावयाची : १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४. बाराव्या शतकात हेमचंद्रानेही हाच नियम सांगितला. पाश्चात्त्य गणितात ही श्रेणी १२०२ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या फिबोनाचीच्या नावाने प्रसिद्ध आहे. विरहांक आणि हेमचंद्र ज्या परंपरेचे छंद मोजत होते, तिच्यात हालाच्या ‘गाथासप्तशती’ची गाथाही येते, हे मराठी वाचकाने विसरू नये.

गाथा म्हणजेच आर्या. आणि आर्येत गुणाकाराचे व बेरजेचे अशी दोन्ही तत्त्वे एकत्र नांदतात. चार मात्रांच्या गणाचे भेद पाच, हे बेरजेने कळते. विषम स्थानी ज गण निषिद्ध, म्हणून तेथे चार. दुसऱ्या व चौथ्या स्थानी पाच, आणि पूर्वार्धातील सहाव्या स्थानी फक्त दोन. या सर्वांचा गुणाकार १२,८०० होतो. उत्तरार्धात सहाव्या स्थानी एकच लघू असल्याने ६,४००. संपूर्ण आर्येचे भेद ८,१९,२०,०००. मोरोपंतांनी ‘आर्याभारता’सारखी प्रचंड रचना या एकाच वृत्तात केली, ती केवळ चिकाटीची खूण म्हणून सांगितली जाते. आठ कोटींहून अधिक वाटा असलेले वृत्त एकसुरी असते, असे मात्र म्हणता येणार नाही. मोरोपंतांच्या आर्येत एकसुरीपणा जाणवत असेल तर त्याचे कारण वृत्ताबाहेर, यमकांच्या आणि समासांच्या सवयीत शोधले पाहिजे.

माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त (१९२७, सुधारित आवृत्ती १९३७) मराठी जातींची आवर्तने हरावर्तनी, भृंगावर्तनी, अग्न्यावर्तनी व पद्मावर्तनी अशी लावली. त्यांच्या मात्रा अनुक्रमे पाच, सहा, सात आणि आठ. आवर्तनाच्या सीमेवर गुरू तुटत नाही असे धरल्यास त्यांचे भेद ८, १३, २१ आणि ३४ होतात, म्हणजे विरहांकाच्याच श्रेणीतील लागोपाठची चार पदे. माडगूळकरांच्या गीतांत शब्द ओढूनताणून बसविल्यासारखे वाटत नाहीत, याचे श्रेय अर्थातच कवीचे. पण आठ मात्रांच्या एका आवर्तनात चौतीस वळणे उपलब्ध असतात, ही गोष्ट त्या सहजतेच्या खाली आधारासारखी आहे.

५

खरी अडचण ओवी-अभंगाशी येते. ‘लीलावती’च्या एकवीस वर्षे आधी, ११२९ मध्ये सिद्ध झालेल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे मेरूची गणिते आणि उखळापाशी गायिलेली ओवी यांचा काळ एकच आहे. परंतु प्रस्ताराच्या शास्त्राला ओवीचे काय करावे हे कळण्याचे कारण नव्हते, कारण ओवीत लघु-गुरूंचा भेद नियामक नसतो. माधव जूलियनांनी वृत्त आणि जाती यांपासून ‘छंद’ हा तिसरा वर्ग निराळा काढला, तो याच जाणिवेतून. छंदात अक्षरे मोजली जातात, आणि उच्चारात सारी गुरूसारखी लांबविली जातात.

मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा आणि चार मिळून बावीस अक्षरांचे एक कडवे घेऊ. पिंगलाच्या डोळ्यांनी पाहिले तर त्याच्या ४१,९४,३०४ मांडण्या होतात. छंदाच्या डोळ्यांनी पाहिले तर मांडणी एकच. इंद्रवज्रेच्या चरणाची संख्याही एक होती, पण या दोन ‘एक’ संख्यांचे अर्थ एकमेकांच्या उलट आहेत. इंद्रवज्रेत एक म्हणजे बाकीची सारी दारे बंद. अभंगात एक म्हणजे कोणतेही दार बंद नाही, म्हणून दारे मोजण्याचे प्रयोजनच संपले. बोलीतील शब्द जसा असेल तसा, ऱ्हस्वदीर्घाची जकात न भरता आत येतो. शिंपी, कुणबी, दासी आणि घरधनीण यांना हे पद्य जवळचे वाटले, याच्या सामाजिक कारणांबरोबर हे रचनेतील कारणही ठेवले पाहिजे.

वृत्ताला श्रेष्ठ आणि ओवीला सैल ठरविणारी जी प्रतवारी आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती, तिचा आधार नकळत या मोजणीवर होता. जेथे शास्त्राला भेद मोजता आले तेथे कौशल्य दिसले. जेथे शास्त्राची मोजपट्टी लागू पडली नाही तेथे कौशल्याचा अभाव गृहीत धरला गेला. या प्रतवारीला उत्तर म्हणून गणिताला नाकारण्याचेही कारण नाही. आपली संख्या कोणत्या गृहीतावर उभी आहे हे गणितच सर्वांत प्रांजळपणे सांगते : हे दोन प्रकार वेगळे मानले तर इतके, न मानले तर इतके. समीक्षेने तिच्या प्रतवारीची गृहीते क्वचितच इतकी उघड केली आहेत.

श्लोक, गीत आणि ओवी या तिहींना एकाच परंपरेत वाचावयाचे असेल तर त्यांच्यासाठी एकच माप शोधण्याचा हट्ट सोडावा लागेल. प्रत्येक प्रकार कोणता भेद महत्त्वाचा मानतो, हे आधी विचारावे. मोजावे ते त्यानंतर. जात्याच्या फेऱ्यावर गायिल्या गेलेल्या ओवीतही कवयित्री निवड करीतच असते. ती निवड लघु-गुरूंची नसून शब्दांची, यमकांची, माहेरच्या माणसांच्या नावांची आणि श्वासाच्या जागांची असते. त्या निवडींचा प्रस्तार अद्याप कोणी मांडलेला नाही.