क्रियापदाचे नाम होताना : अमिरी बराका यांचा जॅझ-इतिहास आणि नाटक

लीरॉय जोन्स या नावाने लिहू लागलेल्या आणि पुढे अमिरी बराका या नावाने ओळखल्या गेलेल्या लेखकाच्या कारकिर्दीत १९६३ आणि १९६४ ही दोन वर्षे निर्णायक आहेत. पहिल्या वर्षी ‘ब्लूज पीपल’ हा कृष्णवर्णीयांच्या संगीताचा इतिहास प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वर्षी ‘डचमन’ हे नाटक न्यूयॉर्कच्या चेरी लेन थिएटरमध्ये रंगभूमीवर आले आणि त्याला ओबी पारितोषिक मिळाले. इतिहासकार बराका आणि नाटककार बराका अशी विभागणी करून या दोन कृती वेगवेगळ्या वाचण्याची प्रथा आहे. परंतु दोन्हींचा विषय एकच आहे. अन्याय सोसणाऱ्या समाजाचे संगीत नेमके काय करते? ते अनुभव जपते, की कृतीची निकड शमवते? या प्रश्नाला इतिहासकाराने दिलेले उत्तर नाटककाराला पुरेसे वाटले नाही, आणि या अपुरेपणातूनच पुढील वाटचाल घडत गेली.

बराका यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९३४ रोजी न्यू जर्सीतील नेवार्क येथे एका कनिष्ठ मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी पदवी पूर्ण केली नाही. मात्र तेथे कवी व समीक्षक स्टर्लिंग ब्राऊन यांच्याकडून त्यांना एक दृष्टी मिळाली. ब्लूज आणि जॅझ हे करमणुकीचे प्रकार नसून अभ्यासावयाचा इतिहास आहे, ही ती दृष्टी होय. हवाई दलातील नोकरी साम्यवादी असल्याच्या संशयापायी संपुष्टात आल्यावर ते न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये राहू लागले. जुन्या जॅझ-ध्वनिमुद्रिकांना वाहिलेल्या एका मासिकात त्यांनी काम केले, हेटी कोहेन यांच्यासह ‘युगेन’ हे काव्यविषयक नियतकालिक चालविले आणि जॅझ-समीक्षा लिहिली. १९६० मधील क्यूबाच्या भेटीने राजकारणापासून अलिप्त राहणाऱ्या कलावंताच्या भूमिकेविषयी त्यांच्या मनात संशय निर्माण केला.

‘ब्लूज पीपल’ची मांडणी वरवर पाहता कालक्रमानुसारी आहे: श्रमगीते, धार्मिक गीते, ग्रामीण ब्लूज, शहरी ब्लूज, स्विंग, बीबॉप. पण या क्रमामागे एक सिद्धान्त आहे. गुलाम म्हणून आणलेला आफ्रिकी माणूस ज्या क्षणी अमेरिकेला परभूमी न मानता आपल्या दुःखाची भूमी मानू लागला, त्या क्षणी ब्लूजची शक्यता निर्माण झाली. म्हणजे संगीतातील प्रत्येक रूपांतर हे त्या समाजाच्या अमेरिकेशी असलेल्या नात्यातील रूपांतर होय. ज्यांना लिहिण्यावाचण्याची बंदी होती, त्यांचा दस्तऐवज लिखित साधनांत सापडणार नाही. तो स्वरात, तालात, हाक आणि प्रतिसाद यांच्या रचनेत शोधावा लागेल.

या ग्रंथातील एका प्रकरणाचे शीर्षक स्विंग हा शब्द क्रियापदाकडून नामाकडे कसा गेला असे सुचविते. या व्याकरणिक रूपकात संपूर्ण सिद्धान्ताचे सार आहे. आरंभी ‘स्विंग’ ही वादक आणि श्रोता यांच्यात घडणारी क्रिया होती. १९३०च्या दशकात ते एका विक्रेय शैलीचे नाव झाले. त्या शैलीचा आर्थिक लाभ प्रामुख्याने गोऱ्या वाद्यवृंदांच्या पदरी पडला. बीबॉपच्या वादकांनी आपले संगीत हेतुतः दुर्बोध केले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावावा लागतो. नाम झालेल्या संगीताला पुन्हा क्रियापद करण्याची ती धडपड होती. त्याच वर्षीच्या ‘जॅझ आणि गोरा समीक्षक’ या लेखात बराका यांनी हीच भूमिका समीक्षेला लावली. स्वरामागील जीवनदृष्टी वगळून केवळ स्वरांचे गुणदोष तपासणारी समीक्षा आपला विषयच गमावून बसते, हा त्यांचा आक्षेप होता.

या मांडणीला सर्वांत समर्थ विरोध राल्फ एलिसन यांनी १९६४ मध्ये केला. समाजशास्त्राच्या ओझ्याखाली ब्लूजमधील कला गुदमरते, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र होते. एलिसन यांच्या मते गुलामही आपल्या गुलामीपेक्षा अधिक काही होता. संगीत हे त्या अधिकाचे, कौशल्याचे आणि विधीचे क्षेत्र होते. हा आक्षेप गंभीर आहे. संगीताला वृत्तीचा पुरावा मानले की उत्तम ब्लूज आणि सामान्य ब्लूज यांतील भेद सांगण्याचे साधन हाती उरत नाही. तथापि एलिसन यांच्या भूमिकेतही एक प्रश्न अनुत्तरित राहतो. कलेने दिलेली मुक्ती ही मुक्तीच, की तिचा पर्याय?

नेमका हाच प्रश्न ‘डचमन’मध्ये उभा आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यात क्ले हा सुशिक्षित कृष्णवर्णीय तरुण आणि लूला ही गोरी स्त्री यांची गाठ पडते. लूला त्याला भुलविते, डिवचते, अपमानित करते. अखेर क्लेचा संयम सुटतो आणि तो एक दीर्घ भाषण करतो. बेसी स्मिथचे गाणे आणि चार्ली पार्करचे वादन यांवर लुब्ध होणाऱ्या गोऱ्या रसिकांना त्यांतील तिरस्कार ऐकूच येत नाही. प्रत्यक्ष हिंसा शक्य असती तर या कलावंतांना संगीताची गरजच भासली नसती, असा त्याचा आशय आहे. इतके बोलून क्ले पुन्हा आपल्या शब्दांच्या सुरक्षित जगात परतू पाहतो आणि लूला त्याला भोसकते. इतर प्रवासी प्रेत बाहेर टाकतात. दुसरा कृष्णवर्णीय तरुण डब्यात येतो.

जो लेखक इतिहासग्रंथात संगीताला समाजाची स्मृती मानतो, तोच नाटकात त्याला टळलेल्या कृतीचे दुसरे रूप ठरवितो. ही विसंगती लेखकाच्या अनवधानाची नव्हे. ती विषयाच्या अंतरंगातील आहे. क्ले स्वतः ‘ब्लूज पीपल’चा जाणता वाचक शोभतो. संगीताचा अर्थ त्याला कळतो, पण ते कळणे त्याला वाचवीत नाही.

फेब्रुवारी १९६५ मध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली. त्यानंतर बराका यांनी ग्रीनिच व्हिलेज आणि तेथील आपला संसार सोडून हार्लेममध्ये ‘ब्लॅक आर्ट्स रेपर्टरी थिएटर स्कूल’ ही संस्था काढली; नाटक, काव्य आणि नवे जॅझ वस्तीच्या रस्त्यांवर आणले. संस्था अल्पजीवी ठरली. नेवार्कला परतल्यावर जुलै १९६७ च्या उठावात त्यांना मारहाण व अटक झाली. झालेली शिक्षा पुढे रद्द ठरली. याच काळातील ‘स्लेव्ह शिप’ या नाटकात संवाद अत्यल्प आहेत; ढोल, साखळ्या, आक्रोश, गुणगुणणे यांतूनच गुलामांच्या सागरप्रवासापासूनचा इतिहास प्रेक्षकांवर आदळतो. येथे संगीत कृतीच्या जागी येत नाही, ते स्वतःच कृती होते. इतिहासकार आणि नाटककार यांचा प्रदीर्घ वाद या रंगप्रयोगात काही काळ मिटलेला दिसतो.

मात्र त्याची किंमत मोठी होती. समूहाचा एकच आवाज कल्पिल्यामुळे या कालखंडातील लेखनात ज्यूद्वेष आणि स्त्रियांविषयीचा अनुदार सूर शिरला. १९७४ मध्ये बराका यांनी सांस्कृतिक राष्ट्रवाद सोडून मार्क्सवाद स्वीकारला आणि १९८० मध्ये आपल्या ज्यूद्वेषाची जाहीर कबुली दिली. तरीही २००२ मध्ये न्यू जर्सीचे राजकवी असताना ११ सप्टेंबरच्या हल्ल्यावरील त्यांच्या कवितेमुळे तोच आरोप पुन्हा उभा राहिला आणि २००३ मध्ये ते पदच रद्द करण्यात आले. ९ जानेवारी २०१४ रोजी नेवार्क येथे त्यांचे निधन झाले. या प्रवासात भूमिका वारंवार बदलल्या. १९६८ च्या ‘ब्लॅक म्युझिक’पासून २००९ च्या ‘डिगिंग’पर्यंत जॅझविषयीचे लेखन मात्र अखंड राहिले.

मराठी समीक्षेला हा प्रवास परका नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा अमेरिकेतील चळवळीचे नावच स्वीकारले गेले आणि पुढे कृष्णवर्णीयांचे साहित्य व दलित साहित्य यांच्या तुलनेची परंपरा निर्माण झाली. या तुलनेचा भर प्रामुख्याने कविता आणि आत्मकथन यांवर राहिला. ‘ब्लूज पीपल’ जो प्रश्न विचारतो तो सत्यशोधक व आंबेडकरी जलसे, तमाशा आणि लावणी यांनाही विचारता येण्याजोगा आहे. तमाशाचा ढाचा घेऊन जलशाने त्यातून समाजप्रबोधन केले. लावणी फडातून चित्रपटात गेली. पहिल्या रूपांतरात नामाचे क्रियापद झाले, दुसऱ्यात क्रियापदाचे नाम. अर्थात जात आणि वंश यांचे इतिहास भिन्न आहेत, आणि एलिसन यांचा इशारा येथेही लागू पडतो: जलशाच्या शाहिराला केवळ व्यथेचा साक्षीदार मानणे म्हणजे त्याची रचनाशक्ती नाकारणे होय. हा इशारा ध्यानात ठेवून, ज्यांनी लिहून ठेवले नाही त्यांनी काय गाऊन ठेवले याचा शोध घेणे हे साहित्येतिहासाचे कार्य ठरते. आणि त्या गाण्याने काय घडविले, काय टळू दिले, हा ‘डचमन’चा प्रश्नही त्या शोधातून वगळता येत नाही.