कान्येरो, आंतोनिओ

कान्येरो, आंतोनिओ (१८८५–१९५२). स्पॅनिश घोडेस्वार बैलझुंजकार, लष्करी अश्वारोहण-शिक्षक आणि शो जंपिंगपटू. पूर्ण नाव आंतोनिओ कान्येरो बाएना. जन्म आणि मृत्यू आंदालुसियातील कोर्दोबा येथे. घोड्यावरून बैलाशी झुंजण्याच्या कलेला स्पॅनिशमध्ये ‘रेखोनेओ’ म्हणतात. तिला विसाव्या शतकात जे रूप आले, त्याचे जनकत्व कान्येरो यांच्याकडे जाते.

ही कला मुळात सरदारांची. सोळाव्या-सतराव्या शतकांत स्पेनमधील उमराव शहराच्या मुख्य चौकात घोड्यावरून बैलांवर भाला चालवत. अठराव्या शतकाच्या आरंभी बूर्बाँ घराण्याचा पाचवा फिलिप गादीवर आला. त्याला या खेळाचे वावडे होते. दरबाराची मर्जी फिरताच सरदारांनी अंग काढून घेतले आणि पायी लढणारा मातादोर नायक झाला. पोर्तुगालमध्ये मात्र घोडेस्वारांची परंपरा अखंड राहिली. स्पेनमध्ये ती राजघराण्यातील विवाह, राज्यारोहण अशा प्रसंगांपुरती उरली. तिथेही स्वार जुना दरबारी पोशाख चढवून येई, दोन-चार भाले मोडी आणि बैल मारण्याचे काम पायी लढणाऱ्यावर सोपवून निघून जाई. कान्येरो यांच्या हाती ही कला आली ती अशी, शोभेपुरती उरलेली.

त्यांची घोड्यावरची तयारी दुहेरी होती. पहिली लष्करातली. तिथे ते घोडेस्वारी शिकवत आणि शो जंपिंगच्या स्पर्धांत उतरून बक्षिसेही मिळवत. त्या काळात यूरोपभरच्या लष्करी अश्वशाळांत इटालियन अधिकारी फेदेरिको काप्रिली यांच्या पद्धतीचा बोलबाला होता. अडथळा ओलांडताना स्वाराने पुढे झुकावे, घोड्याची पाठ आणि मान मोकळी सोडावी, हे तिचे सूत्र. बैलासमोर याच्या नेमके उलटे लागते. तिथे मांड पक्की आणि खोल हवी, घोडा मागच्या पायांवर तोललेला हवा, एका हाताच्या लगामावर जागच्या जागी वळणारा हवा. या दोन्ही बैठका एकाच स्वाराच्या अंगात असणे दुर्मीळच. कान्येरो यांच्या सफाईचे रहस्य या जोडीत असावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. उडीच्या मैदानावर घोड्याची टाप नेमकी कुठे पडणार याचा अंदाज क्षणार्धात घ्यावा लागतो. बैल अंगावर येत असतानाही अंतराचा तोच हिशेब करावा लागतो.

दुसरी तयारी कुरणांतली. आंदालुसियाचे गुराखी ‘गारोचा’ नावाची लांब काठी खांद्यावर टाकून घोड्यावरून बैलांचे कळप हाकतात. भरधाव पळणाऱ्या खोंडाच्या पुठ्ठ्याला तिचे टोक लावून त्याला कोलमडवतात आणि उठल्यावर तो अंगावर येतो की पळ काढतो, यावरून त्याचे पाणी जोखतात. कान्येरो यांनी ही कामाची घोडेस्वारी जशीच्या तशी रिंगणात आणली. पिसांची टोपी आणि जरीचा कोट गेला. आखूड जाकीट, पायांवर चामड्याचे ‘साओनेस’ आणि रुंद काठाची कोर्दोबी टोपी आली. खोगीरही गुराख्यांचेच. हा वेषबदल वरवरचा नव्हता. पोर्तुगीज स्वार आजही अठराव्या शतकातील कोट घालतात, स्पॅनिश स्वार कुरणातला पोशाख. दोन्ही देशांच्या शैली रिंगणात पाऊल पडताच ओळखू येतात, त्याचे श्रेय कान्येरो यांना आहे.

झुंजीची रीत अशी : स्वार डाव्या हातात लगाम आणि उजव्या हातात ‘रेखोन’ घेतो. हा लाकडी दांड्याचा आखूड भाला. बैल धावून आला की घोडा त्याच्या रोखाने जातो आणि शेवटच्या क्षणी बाजूला सरकतो. बैलाचे डोके रिकिबीशी आले, की वार करायचा. दांडा मोडतो, पाते बैलाच्या खांद्यात राहते. घोड्याच्या अंगावर चिलखत नसते. शिंग लागले तर तो अपमान स्वाराचा, कारण चूक त्याची मानली जाते. पायी झुंजीत घोड्यावरून बैलाला भाला टोचणाऱ्या पिकादोरांच्या घोड्यांना संरक्षक झूल सक्तीची झाली ती १९२८ साली. त्याआधी झुंजीत घोडे सर्रास फाडले जात. ते पाहिलेल्या प्रेक्षकांसमोर घोडा ओरखडाही न लागता बाहेर आणणे ही मोठीच गोष्ट होती.

भाल्याने बैल पडला नाही, तर कान्येरो स्वतः खाली उतरत आणि लाल कापडाची मुलेता व तलवार घेऊन पायी झुंज संपवत. भाडोत्री मदतनिसाची गरज त्यांनी ठेवली नाही. १९२०च्या दशकात पोर्तुगालचे सिमाँव दा वेइगा हेही स्पॅनिश रिंगणे गाजवत होते, आणि दोन देशांच्या दोन रीती प्रेक्षकांना एकाच काळात पाहता आल्या.

१९३६ च्या जुलैमध्ये स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध लष्करी उठाव झाला आणि कोर्दोबा उठावकर्त्यांच्या ताब्यात गेले. कान्येरो त्यांना सामील झाले आणि त्यांनी स्वतःचे घोडदळ उभारले. जमीनदार, त्यांचे मुकादम आणि गारोचा चालवणारे स्वार त्यात होते. रिंगणाला ज्या कुरणांनी कला दिली, त्याच कुरणांतील माणसे आता भूमिहीन मजुरांच्या चळवळीविरुद्ध घोड्यावर बसली. कोर्दोबा आणि परिसरातील दडपशाही अत्यंत रक्तरंजित होती. कान्येरो यांचे चरित्र लिहिताना हे पान गाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

उतारवयात त्यांनी शहराच्या पूर्वेकडील आपली जमीन गरिबांच्या घरांसाठी कोर्दोबाचे बिशप फ्राय आल्बिनो यांना दिली. तिथे उभी राहिलेली वस्ती ‘बारिओ दे कान्येरो’ म्हणून ओळखली जाते. हुकूमशहा फ्रांको यांच्या राजवटीशी जोडलेली नावे हटवण्याच्या कायद्यानुसार महापालिकेने तिथल्या कान्येरो चौकाचे नाव बदलायचे ठरवले, तेव्हा रहिवाशांमधून विरोध झाला. महापालिकेतील सत्ताबदलानंतर जुने नाव परत आले.

रिंगणात त्यांच्यामागून आलेले आल्वारो दोमेक दिएस (१९१७–२००५) आणि पेराल्ता बंधू यांनी घोड्याचे शिक्षण आणखी सूक्ष्म केले. पेरूमध्ये वाढलेल्या कोंचिता सिंत्रोन (१९२२–२००९) याही घोड्यावरून उतरून पायी लढण्यात निष्णात होत्या, पण स्पेनमध्ये स्त्रियांना पायी झुंजण्यास बंदी असल्याने तिथे त्यांना खोगिरावरच राहावे लागे.