हळदीकुंकू बदक

'बदक' आपल्याकडे फारसीतून आलं. तिथे 'बत' म्हणजे बदक. पण या पक्ष्याच्या मराठी नावातला पहिला शब्द अस्सल घरचा. काळी चोच, तिच्या टोकाला हळदपिवळा पट्टा आणि बुडाशी, कपाळाला लागून, दोन बाजूंना दोन लाल ठिपके. कुंकू अगदी जागच्या जागी! गंमत म्हणजे हे ठिपके मादीपेक्षा नराचे अधिक ठळक.

१७८१ साली फोर्स्टरने ठेवलेलं शास्त्रीय नाव 'अनास पोइसिलोरिंका'. त्यातला ग्रीक भाग म्हणजे 'रंगीबेरंगी चोचीचं'. थोडक्यात, शास्त्रज्ञाचीही नजर चोचीवरच खिळली. फक्त त्याला हळदीकुंकू ठाऊक नव्हतं. 'अनास' हा बदकासाठीचा लॅटिन शब्द. त्याचं मूळ आणि ऋग्वेदातल्या पाणपक्ष्याच्या 'आति' या नावाचं मूळ एकच. म्हणजे उसनं 'बदक' घेण्याआधी आपल्याकडे त्याच घराण्यातला शब्द होता, तो आपण हरवला.

हे बदक सहसा बुडी मारत नाही. उथळ पाण्यात डोकं खाली, शेपूट वर करून पाणवनस्पती आणि बिया खातं. हिवाळी पाहुण्यांसारखं सैबेरियातून येत नाही, इथलंच रहिवासी. पाणी आटलं की दुसरं तळं गाठतं, इतकंच. घरटं काठच्या गवतात, जमिनीवर.

चीन-जपानकडचा त्याचा भाऊबंद आता वेगळी जात मानला जातो. त्याच्या चोचीला हळद आहे, कुंकू नाही.