महाडचें तळें आणि एका मातेचा शोक

महाडचें नांव घेतलें कीं चवदार तळें डोळ्यांपुढें उभें राहतें. ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्या तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. ही तारीख इतिहासानें जपली आहे. तिच्या मागें अवघ्या आठ महिन्यांवर असलेल्या दुसऱ्या एका तारखेची आठवण मात्र क्वचितच होते. ता. १९ जुलै १९२६ रोजीं बाबासाहेब व रमाबाई यांचा धाकटा मुलगा राजरत्न मरण पावला.

त्यापूर्वीं या दांपत्यानें दोन मुलगे व एक मुलगी गमावलीं होतीं. पांच अपत्यांपैकीं एकटा यशवंत उरला. पति १९१३ ते १९१७ व पुन्हां १९२० ते १९२३ या काळांत शिक्षणासाठीं परदेशीं होते. घर चालविण्याचा भार रमाबाईंवर होता. बाळंतपणें, दारिद्र्य आणि वियोग हीं तिन्ही त्यांच्या वांट्यास आलीं.

राजरत्न गेल्यावर महिन्याभरानें, ता. १६ ऑगस्टला, बाबासाहेबांनीं दत्तोबा पवार यांस पत्र लिहिलें. या आघातांतून आपण व आपली पत्नी सावरलों आहों असा बहाणा करण्यांत अर्थ नाहीं, असा त्याचा आशय आहे. पुरुषानें शोक गिळावा आणि स्त्रीनें तो चुलीपाशीं आटवावा, अशी त्या काळची रीत होती. या पत्रांत मात्र दुःख दोघांचें आहे.

रमाबाईंच्या शोकास रोगाचें नांव देणें हें इतिहासाचें काम नव्हे. परंतु गर्भारपणांत किंवा बाळंतपणानंतर येणारा विषाद हा मनाचा दुबळेपणा नसून आजार आहे, हें वैद्यकशास्त्र आज निःसंशय सांगतें. अपत्यवियोग, दारिद्र्य व पतीच्या आधाराचा अभाव यांनीं तो बळावतो; वेळीं ओळखल्यास उपचारांनीं बराही होतो.

ता. २८ जुलै १९२८ रोजीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत कामगार स्त्रियांच्या प्रसूति-साहाय्याच्या बिलास बाबासाहेबांनीं पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वीं व नंतर मातेस विश्रांति मिळणें राष्ट्राच्या हिताचें आहे, असें त्यांनीं प्रतिपादिलें. १९२९ सालीं कायदा झाला. संततिनियमनासंबंधींचें त्यांचें भाषण ता. १० नोव्हेंबर १९३८ रोजीं रोहम यांनीं विधिमंडळांत मांडलें. वारंवारच्या बाळंतपणांनीं खंगणाऱ्या स्त्रीचा विचार त्यांत होता. तो ठराव फेटाळला गेला. कायद्याची भाषा शोकाची नसते. पण बोलणाऱ्या माणसाला घर असतें.

रमाबाई ता. २७ मे १९३५ रोजीं निवर्तल्या. १९४० सालीं पाकिस्तानविषयक ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण करतांना बाबासाहेबांनीं त्यांच्या शांत धैर्याचा कृतज्ञ उल्लेख केला. धैर्याची स्तुति आपल्या समाजानें नेहमींच केली. त्याची किंमत कोणीं मोजली, हें विचारावयाचें मात्र राहून गेलें. बाळंतिणीच्या अबोल्यास सोशिकपणा म्हणून गौरविण्यापूर्वीं पतीनें तिच्याजवळ बसून तिचें मन विचारावें आणि गरज वाटल्यास वैद्यास बोलवावें, एवढा बोध या इतिहासांतून घरोघरीं घेतां येण्यासारखा आहे.