शेती-रसायने आणि डास

शेतातील कीटकनाशके, तणनाशके व खते पाण्यात उतरल्यावर त्या पाण्यात वाढणाऱ्या डासांवर आणि पर्यायाने हिवताप, जपानी मेंदूज्वर यांसारख्या रोगांच्या प्रसारावर होणारा परिणाम. डासाची अंडी, अळी व कोष या तिन्ही अवस्था पाण्यात जातात. भातखाचरे, पाटाच्या गळतीची डबकी, भाजीच्या मळ्यातील खड्डे येथे अळ्या वाढतात आणि फवारणीचा निचराही तेथेच साचतो.

सर्वांत गंभीर परिणाम म्हणजे कीटकनाशकांविरुद्धची प्रतिकारक्षमता. रसायनाला तोंड देऊ शकणाऱ्या मोजक्या अळ्या जगतात व त्यांचीच प्रजा वाढते. काही डासांत मज्जापेशींवरील सोडियम-मार्गाची रचना बदललेली असते, त्यामुळे डीडीटी व पायरेथ्रॉइड ही दोन्ही कीटकनाशके निष्प्रभ ठरतात. काहींच्या शरीरातील विकरे विष वेगाने मोडतात. पिकावरील व घरातील औषधे बहुधा एकाच रासायनिक गटातील असल्याने शेतात मिळवलेली ही क्षमता घराच्या फवारलेल्या भिंतीवर आणि कीटकनाशक भारित मच्छरदाणीवरही डासाला वाचवते.

मध्य अमेरिकेत हे स्पष्टपणे दिसले. एल साल्वादोरच्या किनारी कापूसपट्ट्यात विमानातून भरमसाट फवारणी होई. तेथील ॲनॉफिलिस अल्बिमॅनस या डासाची प्रतिकारक्षमता फवारणीच्या हंगामात वाढते व हंगाम सरला की उतरते, असे 1970 च्या सुमारास नोंदले गेले. पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासो, बेनिन व कोत दिव्वार या कापूस पिकवणाऱ्या देशांत पायरेथ्रॉइड कीटकनाशके त्यांनी भारित मच्छरदाण्या घरोघरी पोचण्यापूर्वीच शेतात रुळली होती. कॅमेरूनमध्ये क्लोथियानिडिन हे निओनिकोटिनॉइड गटातील औषध भिंतींवर व्यापक प्रमाणात वापरले जाण्याआधीच शेतीभागातील काही डास त्याला दाद देईनासे झाले होते.

भारतात हिवतापाचे रुग्ण 1965 मध्ये सुमारे एक लाखापर्यंत खाली आले आणि 1976 मध्ये 64 लाखांवर गेले. औषधांचा तुटवडा व हिवतापविरोधी मोहिमेतील ढिलाई ही त्याची मोठी कारणे होती. सारा दोष शेतीवर टाकणे बरोबर नाही. मात्र महाराष्ट्र-गुजरातच्या ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस आधी डीडीटीला आणि पुढे मॅलॅथिऑनलाही प्रतिकारक्षम झाला, आणि ही दोन्ही औषधे पिकांवरही वापरली जात होती. शेतीतील डीडीटीवर 1989 मध्ये बंदी आली.

खतांचा परिणाम याहून वेगळा, कारण ती डासांना पोसतात. नत्रामुळे खाचरातील सूक्ष्मजीव व शेवाळ वाढते. हेच अळ्यांचे अन्न. मदुराई परिसरातील भातशेतीच्या अभ्यासात नत्रयुक्त खतानंतर जपानी मेंदूज्वर पसरवणाऱ्या क्युलेक्स डासांच्या अळ्या वाढलेल्या आढळल्या. युरियाला निंबोळी पेंडीचा लेप दिल्यास त्या घटतात, हेही तेथेच दिसून आले. बेलीझमध्ये उसाच्या शेतातून वाहून आलेल्या स्फुरदामुळे दलदलीतील विरळ लव्हाळ्याची जागा उंच, दाट पाणकणसाने घेतली. त्यासरशी तेथे ॲनॉफिलिस व्हेस्टिटिपेनिस या हिवताप अधिक परिणामकारकपणे पसरवणाऱ्या डासाला अनुकूल जागा मिळाली.

कीटकनाशके डासांचे शत्रूही मारतात. चतुरांची पिल्ले, पाणढेकूण, पाणभुंगे व लहान मासे अळ्या खातात. फवारणीनंतर डासाची नवी पिढी उष्ण हवेत दहा-बारा दिवसांत तयार होते. या भक्षकांची संख्या भरून यायला पुष्कळ अधिक काळ लागतो. मधल्या काळात फवारलेल्या खाचरात डास पूर्वीपेक्षा जास्त होऊ शकतात.

तणनाशकांविषयीची माहिती मुख्यतः प्रयोगशाळेतील आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ग्लायफोसेट या तणनाशकामुळे ॲनॉफिलिस गॅम्बिई या डासातील मेलॅनिन-निर्मिती मंदावते. मेलॅनिन हे कीटकांच्या संरक्षणव्यवस्थेचा भाग असल्याने असे डास हिवतापाच्या परजीवीला अधिक सहज बळी पडतात. शेतातील प्रत्यक्ष परिस्थितीला हा निष्कर्ष अजून तसाच लावता येत नाही.

उपायांत एकात्मिक कीड व्यवस्थापन, खाचर आलटून-पालटून भिजवणे व सुकवणे आणि औषधांचे गट बदलत राहणे यांचा समावेश होतो. ते पुरेसे नाहीत. पायरेथ्रॉइड निष्प्रभ ठरू लागल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये क्लोरफेनापिर हे कीटकनाशक मिसळलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस केली. भारतात तेच क्लोरफेनापिर कोबी व मिरचीवर फवारले जाते. आरोग्यासाठी उरलेली मोजकी औषधे पिकांसाठी खुली करण्यापूर्वी डासांवरील परिणामांची तपासणी सक्तीची झाली पाहिजे.